विचिटाच्या माळावरील जुने विमान

विचिटा हे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. अमेरिकेस जाऊन आलेले आपले लोक न्यूयॉर्कचे वर्णन करतात, नायगाऱ्याचे करतात. पण त्या देशाच्या ऐन पोटात, कॅन्सस राज्यातील सपाट माळावर वसलेल्या या शहराकडे मुद्दाम वाट वाकडी करून कोणी जात नाही. आम्ही तरी कशाला गेलो असतो? परंतु आमच्या थोरल्या भगिनीचा मुलगा तेथे राहतो. बेळगावास अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो २००६ साली तेथील विद्यापीठात शिकावयास गेला, आणि पुढे तेथल्याच एका विमानाच्या कारखान्यात नोकरीस लागला. २०२५ च्या एप्रिलमध्ये शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, परदेशगमनाच्या परवानगीचा सरकारी कागद सर्व सोपस्कारांनिशी हाती पडला, आणि आम्ही सपत्नीक सहा आठवडे त्याच्याकडे राहून आलो.

विमान खाली उतरू लागले तसा तो प्रदेश आलेखाच्या कागदासारखा दिसू लागला. मैलामैलावर एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते, त्यांत बसवलेली शेते, आणि मधूनच फिरत्या नळांनी पाणी दिलेली हिरवीगार वर्तुळे. डोंगर नाही, टेकडी नाही. बैलहोंगल-सौंदत्तीकडचा आपला काळ्या मातीचा मुलूख सपाट म्हणून आम्ही आजवर शाळेत शिकवीत आलो. या माळापुढे तो डोंगराळच म्हणावा लागेल. शेतांत गहू उभा होता. हिवाळ्यापूर्वी पेरायचा, बर्फाखाली तगू द्यायचा आणि जूनमध्ये कापायचा, अशी तेथील गव्हाची रीत. या कणखर गव्हाचे बियाणे १८७४ साली रशियातून आलेल्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांनी आणले, आणि ते या मातीला असे मानवले की कॅन्सस हे अमेरिकेचे गव्हाचे कोठार झाले. गावोगावी धान्याची उंच पांढरी सिमेंटची कोठारे आहेत. दूरवरून ती एखाद्या देवळाच्या गोपुरांसारखी दिसतात. हचिन्सन गावचे एक कोठार तर सुमारे अर्धा मैल लांब आहे.

शहरातून नदी वाहते. तिची गंमत अशी की शेजारच्या राज्यांत तिला ‘आर्कन्सॉ’ म्हणतात आणि कॅन्ससचे लोक हट्टाने ‘आर-कॅन्सस’ म्हणतात. बेळगाव, बेळगाम, बेलगाम, बेळगावी अशा उच्चारांत आयुष्य गेलेल्या आम्हांस त्या हट्टाविषयी लगेच आपुलकी वाटली. धाकटी आर्कन्सस जेथे थोरलीला मिळते त्या संगमावर हात उंचावून उभ्या असलेल्या एका आदिवासी योद्ध्याचा ४४ फूट उंचीचा पोलादी पुतळा आहे. ब्लॅकबेअर बोसिन या कायोवा-कोमांची वंशाच्या कलावंताने तो घडवला आणि १९७४ साली तेथे उभारला गेला. ते साल वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचा उपयोग आहे.

परंतु विचिटाची खरी ओळख विमानांची. ‘हवाई राजधानी’ असे ते शहर स्वतःला म्हणवून घेते, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. या कथेचा आरंभ क्लाइड सेसना नावाच्या एका कॅन्सस-शेतकऱ्यापासून होतो. १९११ साली ओक्लाहोमा सिटीत विमानांच्या कसरती पाहून या गृहस्थाने न्यूयॉर्कहून ब्लेरिओ पद्धतीच्या विमानाचा सांगाडा विकत आणला, त्यावर इंजिन चढवले, आणि मिठागराच्या सपाट मैदानावर उडण्याचा उद्योग सुरू केला. विमान आपटे, मोडे. तो ते दुरुस्त करी आणि पुन्हा आपटे. असे कितीतरी वेळा झाल्यावर ते एकदाचे नीट उडाले. म्हणजे सेसना या नावामागे पहिले जे विमान होते तेच मुळी आपटून दुरुस्त केलेले होते. पुढे १९२५ मध्ये वॉल्टर बीच आणि लॉइड स्टिअरमन यांच्यासह त्याने कारखाना काढला, १९२७ मध्ये स्वतःचा वेगळा काढला. बीच दांपत्याने १९३२ मध्ये आपला. वॉल्टर बीच १९५० साली वारला तेव्हा त्याची पत्नी ऑलिव्ह अ‍ॅन हिने कारखान्याची सूत्रे हाती घेतली आणि अनेक वर्षे समर्थपणे चालवली. दुसऱ्या महायुद्धात येथून १,६०० हून अधिक ‘बी-२९’ बाँबफेकी विमाने बाहेर पडली. जुन्या विमानतळाच्या १९३५ च्या इमारतीत आता संग्रहालय आहे. ते पाहण्यात आमचा एक पूर्ण दिवस गेला व सौभाग्यवतींचे दोन्ही गुडघे.

आणखी एक गोष्ट सांगून मूळ विषयाकडे वळू. दर सोमवारी दुपारी बारा वाजता या शहरात भोंगे वाजतात. पहिल्या सोमवारी सौभाग्यवती हातातले कालथे तसेच घेऊन अंगणात धावल्या. ती चक्रीवादळाच्या भोंग्यांची साप्ताहिक चाचणी असते, हे मागाहून कळले. एप्रिल-मे हे तेथे वावटळींचे आणि गारांचे दिवस. लिंबाएवढ्या गारा पडतात, आणि उघड्यावर उभ्या विमानाचे पंख देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखे होतात. म्हणून तेथे ऐपत असलेला माणूस विमान छपराखाली, हँगरमध्ये ठेवतो.

विमान ठेवतो, हे आम्ही सहज लिहून गेलो. परंतु तेथे जाईपर्यंत माणूस विमान ‘ठेवतो’ ही कल्पनाच आम्हांस नव्हती. सांबऱ्याच्या विमानतळाच्या कुंपणाशी सायकली टेकवून आकाशाकडे पाहात उभे राहणाऱ्या पिढीतले आम्ही. विमान सरकारचे असते, फार तर एखाद्या उद्योगपतीचे. आणि येथे पोहोचल्यावर चौथ्या रात्री जेवताना भाचा म्हणाला, “मामा, आम्ही तिघं मित्र मिळून एक विमान घेतोय.”

सौभाग्यवती म्हणाल्या, “कशाला रे? गावभर विमानंच आहेत की.”

भाचेसून ताट वाढता वाढता थांबली. “सगळं सांग ना मामांना. आधी एकदा आपटलेलं आहे ते.”

त्या घरात गेले तीन महिने काय चालले होते याचा अंदाज आम्हांस त्या एका वाक्यावरून आला. पुढे पानावर कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शहापुराहून आमच्या भगिनीचा फोन आला. “अरे, पडक्या घरात कोणी मुलगी देत नाही, आणि हा पडलेलं विमान विकत घेतोय. तू मामा आहेस, तिथं आहेस. थांबव त्याला.” दुपारी भाचा कामावर गेल्यावर भाचेसून आमच्यासमोर येऊन बसली. ती एका रुग्णालयात हिशेब-तपासनीस आहे; बोलणे मोजके. “मामा, तो उडायला लागला तेव्हा मी काही बोलले नाही. पण मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला उभी करता येते. आणि त्याला पोरीला त्यात बसवायचं आहे.” पोर सहा वर्षांची.

आम्ही कोणालाच होय अथवा नाही म्हटले नाही. आधी कागद पाहू, एवढेच म्हणालो.

विमान होते सेसना १७२, १९७४ सालचे, म्हणजे संगमावरच्या त्या योद्ध्याच्या वयाचे. चार माणसांचे, एका इंजिनाचे, वर पंख आणि खाली तीन चाके. ही जात १९५६ पासून विकली जाते, आणि आजवर ४४,००० हून अधिक बांधली गेली. जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेच विमान झाले नाही. आपल्याकडील वैमानिक-प्रशिक्षण संस्थांतही ते दिसते. १९५८-५९ मध्ये याच जातीचे एक विमान दोघांनी लास व्हेगासवर ६४ दिवस २२ तास जमिनीवर न टेकवता उडते ठेवले. खालून धावत्या मालमोटारीतून दोरीने अन्न नि नळीने पेट्रोल वर घेत. असली अचाट कामे करण्याची हौस त्या देशाला आहेच.

इतके जुने विमान का घ्यावे, हा आमचा पहिला प्रश्न. याचे उत्तर कारखान्यांच्या इतिहासात आहे. १९७० च्या दशकात ही छोटी विमाने धडाधड विकली जात. १९७८ या एका वर्षात अमेरिकेत सतरा हजारांवर झाली. मग नुकसानभरपाईच्या दाव्यांनी कारखानदार बेजार झाले. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या विमानाला अपघात झाला तरी दावा कारखान्यावर. शेवटी १९८६ साली सेसनाने ही छोटी पिस्टन-इंजिनाची विमाने करणेच बंद केले. १९९४ मध्ये कायदा झाला आणि अठरा वर्षांपेक्षा जुन्या छोट्या विमानांबाबत कारखान्याची जबाबदारी मर्यादित झाली. तेव्हा कुठे १९९६ मध्ये कॅन्ससातच इंडिपेन्डन्स या गावी काम पुन्हा सुरू झाले. पण आता नव्या विमानाची किंमत चार लाख डॉलरांच्या वर. नोकरदार माणसाने उडावयाचे तर पन्नास वर्षांपूर्वीच्या विमानातच. या विमानाला मालक ७५,००० डॉलर मागत होता. आपल्या हिशेबाने त्रेसष्ट लाखांच्या पुढे. भाच्याचा वाटा त्याचा तिसरा. निर्दोष इतिहासाचे असेच विमान आणखी पुष्कळ महाग पडते. अपघाताचा डाग आहे म्हणूनच ते या तिघांच्या आवाक्यात आले होते.

डाग होता १९९१ चा. सुसाट्याचा आडवा वारा असताना एक शिकाऊ मालक उतरू गेला. विमान टप्पा घेऊन उसळले आणि पुढच्या चाकावर आपटले. माणसाला खरचटलेही नाही. पण या जातीच्या विमानात पुढच्या चाकाचा दांडा, इंजिन आणि वैमानिकाची खोली यांमधल्या धातूच्या आडभिंतीला जोडलेला असतो. तिला ते फायरवॉल म्हणतात. चाक आपटले की ती भिंत चुरगळते. शिवाय नाक खाली गेल्याने पंखा धावपट्टीला लागला. फिरता पंखा जमिनीला लागून थबकला, की धक्का इंजिनाच्या पोटातल्या दंडापर्यंत पोहोचतो. वरून काही दिसत नाही, पण आत तडा गेलेला असू शकतो. म्हणून अशा वेळी इंजिन पूर्ण उघडून तपासावे लागते.

आता हे सर्व आम्हांस कोणी सांगितले? कागदांनी. आणि येथे आम्हांस त्या देशाचे मनापासून कौतुक वाटले. विमानाच्या तीन नोंदवह्या असतात: सांगाड्याची, इंजिनाची, पंख्याची. वर्षातून एकदा अधिकृत तपासनीस विमान उघडून पाहतो व सहीनिशी नोंद करतो. ती नोंद नसेल तर विमान उडवणे बेकायदा. मोठी दुरुस्ती झाली तर ‘३३७’ क्रमांकाचा अर्ज दोन प्रतींत भरतात. एक मालकाकडे राहते, दुसरी ओक्लाहोमा सिटीतील सरकारी दप्तरात जाते, आणि ती कोणालाही मागवता येते. अपघातांची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाकडे १९६२ पासूनच्या अपघातांच्या नोंदी घरबसल्या पाहता येतात. मात्र त्यात एक मेख आहे. नुकसान केवळ पंख्यापुरते वा चाकापुरते असेल तर कायद्याच्या व्याख्येत तो ‘अपघात’च होत नाही, आणि त्याची नोंद त्या यादीत सापडत नाही. म्हणजे यादीत नाव नसलेले विमान निष्कलंक, असे समजणारा फसतो.

आमच्या या विमानाची नोंद यादीत होती, ३३७ ची प्रत दप्तरात होती, आणि नोंदवहीतील वर्णन दोहोंशी जुळत होते. नवी आडभिंत, खालचे पत्रे नवे, पंखा नवा, इंजिन उघडून तपासलेले.

एका शनिवारी आम्ही विमान पाहावयास गेलो. वायव्येला तासाभराच्या अंतरावर एक लहानसे गाव. गव्हाच्या शेतांत एक धावपट्टी, पत्र्याच्या आठ-दहा शेड, पेट्रोलचा एक पंप, आणि माणूस एकही नाही. आम्ही शिपायाची वाट पाहू लागलो. तर ना शिपाई, ना फाटक. मालक होता ७९ वर्षांचा गव्हाचा शेतकरी. त्याचा वैद्यकीय दाखला यंदा नामंजूर झाला, म्हणून विकतो आहे असे त्याने पहिल्या वाक्यात सांगितले, आणि दुसऱ्या वाक्यात १९९१ चा अपघात. दार सरकवून त्याने विमान दाखवले. पांढरे, त्यावर चटणीच्या रंगाचा पट्टा. आमच्या अपेक्षेपेक्षा फार लहान. पंखावर हाताने थापटले तर पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले व काही बोलल्या नाहीत.

भाच्याने आपल्या पैशांनी एक मेकॅनिक सोबत आणला होता. विकणाऱ्याचे विमान वर्षानुवर्षे ज्याने सांभाळले त्याच्याकडून खरेदीची तपासणी करून घेऊ नये, असा तेथे दंडक आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. हे गृहस्थ साठीचे, मितभाषी. विजेरी आणि आरसा घेऊन ते उताणे पडून विमानाखाली सरकले आणि अर्धा तास बाहेर आले नाहीत. आपल्याकडे बैलबाजारात जाणता माणूस दात पाहतो, खूर पाहतो, भोवरा कोठे आहे ते पाहतो, आणि मग उपरण्याखाली बोटे दाबून सौदा होतो. आम्हांस त्याचीच आठवण झाली. खोडीचा बैल विकणारा खोड झाकतो, आणि घेणारा ती हुडकतो. येथे खोड विकणाऱ्यानेच आधी सांगितली होती.

मेकॅनिकने आम्हांसही वाकून पाहावयास लावले. कारखान्यातल्या रिव्हेटांची रांग आणि दुरुस्तीतल्या रिव्हेटांची रांग यांत फरक असतो. दुरुस्तीची रांग नवीन असूनही सरळ आणि घट्ट होती. पत्र्याला कोठे सुरकुती नव्हती. “हे काम चांगल्या हाताचं आहे,” ते म्हणाले. “चौतीस वर्षं झाली, दोन हजारांवर तास उडालं. त्यात काही राहिलं असतं तर एव्हाना दिसलं असतं. विकणारा म्हणतो की याला कधीच काही झालं नाही, ते विमान मी दुप्पट वेळ तपासतो.” मग इंजिनाची एक परीक्षा झाली. चारही सिलिंडरांत ठरावीक दाबाने हवा भरतात आणि ८० पैकी किती टिकते ते पाहतात. गुण पडले ७६, ७४, ७५ आणि ६८. चौथ्या विद्यार्थ्याकडे लक्ष द्यावे लागेल, असे आम्ही म्हणालो. मेकॅनिकला ते भाच्याने भाषांतर करून सांगितले. तो गृहस्थ त्या दिवसात एकदाच हसला.

त्या रात्री नोंदवह्यांचा गठ्ठा घरी आला. भाच्याने आणि मित्रांनी त्या आधी चाळल्या होत्या, पण त्यांची नजर १९९१ वर. आम्हांस विमानातले काही कळत नाही. नोंदवह्यांतले मात्र थोडे कळते. तीस वर्षांच्या नोकरीत आम्ही शेकडो हजेरीपट पाहिले. रोजच्या रोज भरलेला हजेरीपट कसा दिसतो आणि तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरलेला कसा दिसतो, हे सांगावयास भिंग लागत नाही. पहिल्यात शाई बदलते, हात बदलतो, एखादे दिवशी घाईची रेघ असते. दुसऱ्यात सारे एकसारखे, सुबक, आणि म्हणूनच खोटे.

२००८, २००९ आणि २०१० या तीन वार्षिक तपासण्यांच्या नोंदी आम्हांस तशा दिसल्या. तिन्ही ऑक्टोबरातल्या, तीच लेखणी, तोच दाब, अक्षरांचा तोच उतार. तीन वर्षांत मिळून विमान उडाले होते अवघे चार तास. एकच तपासनीस दरवर्षी येत असेल, तीच लेखणी वापरीत असेल. हे सर्व शक्य होते. भाचाही तेच म्हणाला. मग आम्ही त्याला नोंदीतल्या आकड्यांचा अर्थ विचारीत बसलो. एखाद्या जातीच्या विमानात धोक्याचा दोष आढळला की सरकार हुकूम काढते, आणि तो अमलात आणल्याची नोंद करावी लागते. हुकुमाच्या क्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे तो निघाल्याचे साल. सेसनाच्या विमानांत पुढची खुर्ची रुळावर मागेपुढे सरकते. रुळाची भोके झिजली की ऐन उड्डाणात खुर्ची मागे घसरते, आणि वैमानिकाच्या मुठीत धरलेला सुकाणूही तिच्याबरोबर मागे ओढला जाऊन विमान नाक वर करते. याविषयीचा जुना हुकूम ८७-२०-०३. त्याच्या जागी पुढे नवा आला, २०११-१०-०९.

२००९ च्या ऑक्टोबरातील नोंदीत लिहिले होते: २०११-१०-०९ प्रमाणे तपासणी केली.

आम्ही बोट ठेवले. भाच्याने वाचले, पुन्हा वाचले, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. भाचेसून ओट्याशी उभी होती. ती येऊन मागे उभी राहिली. ‘मी म्हणत नव्हते का’ असे ती म्हणाली नाही. तिने त्या पानाचे छायाचित्र काढले आणि विचारले, “मेकॅनिकचा नंबर काय?”

आता याचा अर्थ काय? आपटलेले वर्ष खरे होते, आणि शांत गेलेली वर्षे खोटी. त्या तीन वर्षांत विमान कोठेतरी उघड्यावर वा दमट शेडमध्ये नुसते उभे असावे, आणि विकावयाच्या वेळी कोणीतरी राहिलेल्या नोंदी एका बैठकीत भरल्या असाव्यात. सध्याच्या शेतकऱ्याने ते २०१२ मध्ये घेतले होते. हे कृत्य त्याच्या आधीच्यांचे. आणि विमानाला आपटण्याइतकेच, किंबहुना अधिक, वाईट असते ते नुसते उभे राहणे. विशेषतः या इंजिनात झडपा उघडमीट करणारा दंड वरच्या अंगाला असतो. इंजिन महिनोन्‌महिने चालले नाही की त्यावरचे तेल निथळून जाते आणि गंज धरतो. पुढे इंजिन सुरू झाले की गंजलेला पापुद्रा झिजू लागतो. हे सारे दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सांगितले. “त्या वर्षांत विमान कोणी उघडलंच नाही, असं धरून मी पुन्हा सुरुवात करतो,” ते म्हणाले.

पुढचे दोन आठवडे आम्ही पूर्वेकडचा फ्लिंट हिल्सचा गवताळ मुलूख पाहिला, बाजार केले, नातीला बाराखडी शिकवली. कोणाचेच त्यात लक्ष नव्हते. मेकॅनिकने तेलाची गाळणी कापून तिच्या घड्या पसरल्या, तर लोहचुंबकाला बारीक चकाकते कण चिकटले. शेतकऱ्याच्या परवानगीने एक सिलिंडर काढला, आत विजेरी धरली. दंडाच्या उंचवट्यावर खळगे दिसले. इंजिन उतरवून पूर्ण नव्याने बांधल्याखेरीज गत्यंतर नव्हते. खर्चाचा अंदाज ३४,००० डॉलर.

त्या आपटलेल्या आडभिंतीत मात्र काहीही निघाले नाही.

हे त्या म्हाताऱ्याला सांगावयास भाचा निघाला तेव्हा त्याने आम्हांसही बरोबर घेतले. गव्हाच्या शेताला लागून घर, ओटीवर दोन झुलत्या खुर्च्या. भाच्याने नोंदवही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली आणि दोन आकडे दाखवले. म्हाताऱ्याने बराच वेळ पान पाहिले. “एक्क्याण्णवचं मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “हे मला कोणी सांगितलं नाही. तेरा वर्षं मी माझ्या बायकोला यात बसवून उडतोय.” मग तो बोलेना. त्याची पत्नी आतून लिंबाचे सरबत घेऊन आली, त्याच्याकडे पाहून तशीच उभी राहिली. आमच्या मनात आले, हा सौदा येथे मोडला तर कोणालाच वाईट वाटणार नाही. भाच्याच्या मित्रांपैकी एकाचे तेच मत होते.

मोडला नाही. पाच दिवसांनी म्हाताऱ्याने स्वतः फोन करून वीस हजार कमी केले. दुसऱ्या कोणाला हे न सांगता विकता आले असते, असे भाच्याने त्याला प्रामाणिकपणे म्हटले. त्यावर, आता मला ठाऊक झाले आहे, एवढेच तो म्हणाला. ५५,००० विमानाचे आणि ३४,००० इंजिनाचे, असा एकूण बोजा ८९,००० डॉलरांचा झाला. प्रत्येकाचा वाटा जवळपास पावणेपाच हजारांनी वाढला. ही स्वस्ताई नव्हे, हे भाचेसुनेने कागदावर मांडून दाखवले. पण त्याच कागदाच्या मागे तिने आपल्या अटीही लिहिल्या. इंजिन बांधल्यावर पहिले पंचवीस तास त्यात घरचे कोणी बसणार नाही. खुर्चीचे रूळ नवे. सर्व नोंदवह्यांच्या पानांच्या प्रती तिच्या कपाटात. आणि प्रत्येक वार्षिक तपासणीची नोंद सही होताच ती स्वतः वाचणार. भाच्याने सही केली, आम्ही साक्षीदार म्हणून केली. आमच्या मते त्या घरात विमानाविषयीचे पहिले शहाणपणाचे दस्तऐवज तेच.

सरकारी दस्तऐवज त्यामानाने फारच भाबडे. विमान स्वतःच्या नावावर नोंदवण्यास नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. तो भाच्याला २०२० मध्ये मिळाला होता. विमानावर कोणाचे कर्ज आहे काय, याचा शोध ओक्लाहोमा सिटीच्या दप्तरात झाला. मग एका पानाचे विक्रीखत. त्यात किंमत म्हणून ‘एक डॉलर व अन्य मौल्यवान मोबदला’ असे लिहिण्याची चाल आहे. नोंदणीचे शुल्क पाच डॉलर. बेळगावात सातबाऱ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उताऱ्यावर, वडिलांचे नाव काढून मुलाचे घालावयास आम्हांस किती खेटे पडले ते वाचकांना सांगावयास नको. त्यांनाही पडलेच असतील.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. गहू पिवळा पडू लागला होता. जाण्यापूर्वी भाच्याने एकदा हँगरवर नेले. इंजिन उतरवून पेटीत घालून रवाना झाले होते. नाकाचे वजन गेल्याने असे विमान मागे कलते, म्हणून शेपटीखाली लाकडी घोडी लावलेली. पुढे नुसती ती १९९१ ची आडभिंत, उघडी, रिव्हेटांच्या दोन सरळ रांगांसह. नातीने शिडीवर चढून आत डोकावले आणि, यात पंखाच नाही, म्हणून तक्रार केली.

शहापुरात भगिनीने आम्हांस उंबऱ्यातच विचारले, “घेतलंच ना त्यानं? बसलास काय त्यात?”

“इंजिनच नव्हतं.”

“मग बरं,” ती म्हणाली आणि पाय धुवायला पाणी आणावयास आत गेली.